मंडपातली साखर आणि तीन महिन्यांची साखर

माझी मावशी चौदा वर्षांपासून मधुमेही आहे, त्यातली शेवटची सहा वर्षं इन्सुलिनवर. इन्सुलिनची कुपी फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी असते. दोन वर्षांपूर्वी ती तालुक्याच्या गावी एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या ख्रिस्ती सभेला गेली. उपास-प्रार्थना होती, म्हणजे सकाळी सुई टोचून घेतल्यानंतर दिवसभर पोटात पाण्याशिवाय काही नाही. संध्याकाळी बाहेरून आलेल्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, कपाळाला तेल लावलं. मंडपातच कुणीतरी ग्लुकोमीटरवर तिची साखर मोजली, ती १३८ भरली. आदल्या आठवड्यात २९० आली होती. मावशी रडली, साक्ष द्यायला, म्हणजे आपण बऱ्या झालो हे सगळ्यांसमोर सांगायला उभी राहिली, आणि घरी आल्यावर तिने कुपीला हात लावणं सोडून दिलं.

आम्हाला हे अकराव्या दिवशी कळलं. तोंडाला कोरड, रात्रीतून सात-आठदा उठणं, बोलताना जीभ जड. मी मशीन लावलं तर आकडाच येईना, नुसतं ‘हाय’ असं उमटलं. पुष्कळशा मशीनवर त्याचा अर्थ साखर ६०० च्या वर आहे. पाच दिवस ती दवाखान्यात होती, त्यातले पहिले दोन अतिदक्षता विभागात.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. उपाशीपोटीची साखर वेगळी आणि जेवणानंतरची वेगळी, हे रोज कितीतरी जणांना समजावते. सकाळी इन्सुलिन घेऊन दिवसभर उपाशी राहिलेल्या बाईची साखर उतरणारच. ती आणखी उतरून मावशी मंडपातच कोसळली नाही, हे नशीब. पण मी जी गोष्ट अनोळखी माणसांना समजावते ती माझ्या घरात पोचली नव्हती, हे मला फार लागलं. म्हणून हा लेख.

मी ख्रिस्ती घरातली आहे, रविवारी उपासनेला जाते, आजाऱ्यासाठी प्रार्थना करते. प्रार्थनेने माणसाला धीर येतो हे मी पाहिलंय. इथे मला बोलायचं आहे ते एका विशिष्ट दाव्याबद्दल: अमुक माणसाने हात ठेवला आणि अमुक रोग गेला. हा दावा शरीराबद्दलचा आहे, आणि शरीराबद्दलचा दावा तपासता येतो.

कानातलं यंत्र

आधी उघड फसवणुकीचं सांगते, कारण तिचा सगळ्यात पक्का पुरावा असलेला प्रसंग प्रसिद्ध आहे.

१९८० च्या दशकात अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाचा उपदेशक मोठमोठ्या सभागृहांत रोगमुक्तीच्या सभा घ्यायचा. तो गर्दीतल्या अनोळखी माणसाला नावाने हाक मारायचा, त्याचा आजार सांगायचा, कधी राहण्याचा पत्तासुद्धा. हे मला देव सांगतो, असा त्याचा दावा. जेम्स रँडी हे व्यवसायाने जादूगार. प्रेक्षकांना कसं भुलवता येतं हे त्यांना आतून ठाऊक होतं, आणि ते ज्ञान त्यांनी असल्या दाव्यांच्या तपासाला वाहिलं होतं. त्यांच्या लक्षात आलं की पोपॉफच्या कानात एक छोटं यंत्र आहे. बहिऱ्यांना ऐकू आणून देतो म्हणणाऱ्याला श्रवणयंत्र कशासाठी लागावं?

१९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सभेला रँडींचे सहकारी अलेक्झांडर जेसन रेडिओ स्कॅनर घेऊन गेले. ३९.१७ मेगाहर्ट्झवर त्यांना एका बाईचा आवाज सापडला. ती पोपॉफची बायको एलिझाबेथ. सभा सुरू होण्याआधी ती आणि मदतनीस लोकांमध्ये फिरून गप्पा मारायचे, प्रार्थनेच्या विनंतीचे कागद भरून घ्यायचे. मग ती पडद्यामागे बसून नवऱ्याच्या कानात एकेक नाव, एकेक रोग सांगायची. रँडींनी हे ध्वनिमुद्रण जॉनी कार्सन यांच्या टीव्ही कार्यक्रमात दाखवलं. तोच प्रसंग आधी नुसता, मग कानातल्या आवाजासकट. पुढच्याच वर्षी पोपॉफने दिवाळखोरी जाहीर केली.

याच मोहिमेत रँडींचा एक साथीदार, डॉन हेन्विक, वेगवेगळी सोंगं घेऊन सभांना जात होता. एकदा तो बाईच्या वेशात गेला आणि पोपॉफने त्याचा गर्भाशयाचा कर्करोग बरा केला.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त बोचतो तो भाग वेगळाच आहे. पोपॉफ लोकांना औषधं स्टेजवर फेकायला सांगायचा आणि लोक फेकायचे. सभा संपल्यावर तिथे पडलेल्या बाटल्यांत हृदयविकाराच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या होत्या, असं रँडींनी नोंदवून ठेवलंय. त्या बाटल्यांची माणसं घरी गेली. त्यांचं पुढे काय झालं, हे कुठल्याही कार्यक्रमात दाखवलं गेलं नाही.

आणि पोपॉफ? काही वर्षांनी तो टीव्हीवर परत आला, टपालाने ‘चमत्कारी झऱ्याचं पाणी’ पाठवू लागला. एवढं उघडं पडूनही माणूस परत उभा राहतो, कारण ज्या गरजेवर तो उभा असतो ती गरज संपलेली नसते. ज्याला डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलंय, त्याला ३९.१७ हा आकडा सांगून काय दिलासा मिळणार?

आज तर कागदही भरून घ्यावे लागत नाहीत. सभेच्या नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म, प्रार्थना-विनंतीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, आपणच फेसबुकवर टाकलेले दवाखान्याचे फोटो. अनोळखी माणसाने आपलं दुखणं ओळखलं तर ते त्याला कुठून कळू शकतं, हे घरी येऊन शांतपणे आठवून पाहावं.

फसवणूक नसतानाही

पण मावशीच्या पाळकांच्या कानात काही नव्हतं. ते साधे, भाविक गृहस्थ आहेत, मनापासून प्रार्थना करतात. माझ्या अनुभवात असेच जास्त. म्हणून ‘सगळे भोंदू’ असं म्हणून हात झटकले की खरा प्रश्न तसाच राहतो. कुणीही खोटं बोलत नसताना चमत्काराची साक्ष तयार कशी होते?

याचं उत्तर शोधायला विल्यम नोलन हे मिनेसोटातले सर्जन घराबाहेर पडले. १९७० च्या दशकात कॅथरीन कुलमन या उपदेशिकेच्या सभांना अमेरिकेत हजारो लोक जमत. मिनियापोलिसच्या सभेत नोलन स्वतः स्वयंसेवक म्हणून उभे राहिले, बरं झाल्याचं सांगणाऱ्यांची नावं मिळवली आणि पुढचे महिने त्यातल्या २३ जणांचा पाठपुरावा केला. कुणाच्या घरी गेले, कुणाचे रिपोर्ट पाहिले. ज्या रोगात अवयवच बिघडलेला असतो, अशा रोगातून बरा झालेला एकही माणूस त्यांना मिळाला नाही.

त्यांतली एक बाई पोटाच्या कर्करोगाची होती, तो मणक्यात पसरलेला. सभेत तिला वाटलं आपण बऱ्या झालो. कुलमन यांच्या सांगण्यावरून तिने पाठीचा पट्टा काढला आणि सगळ्यांसमोर स्टेजवर धावून दाखवलं. टाळ्या झाल्या, लोक रडले. त्याच रात्री असह्य कळांनी तिला जाग आली. एक्स-रे काढला तेव्हा कर्करोगाने पोखरलेला मणका दबलेला दिसला. चार महिन्यांनी ती गेली.

नोलन यांनी कुलमन यांना लबाड म्हटलं नाही. त्या प्रामाणिक आहेत, पण रोगांबद्दल अजाण आहेत, असं त्यांचं मत झालं. मला ही ओळ फार महत्त्वाची वाटते, कारण प्रामाणिक माणसाच्या हातूनही मणका मोडतो.

तर स्टेजवर त्या बाईला धावता कसं आलं? भीती, आनंद, हजारो लोकांचं गाणं यात शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं, मेंदू स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतो. अपघातात हात मोडलेला माणूस दुसऱ्याला ओढून बाहेर काढतो आणि कळ त्याला नंतर लागते, तोच प्रकार. वेदना खरोखर थांबलेली असते. वेदनेचं कारण जागेवरच असतं.

दुसरी गोष्ट आजाराच्या चालीची. कंबरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरते. संधिवात, दमा, मायग्रेन हे चढ-उतार करत चालतात. आपण सभेला कधी जातो? दुखणं शिगेला पोचतं तेव्हा. शिगेला पोचलेलं दुखणं त्यानंतर बहुधा उतरतंच, मग त्या आठवड्यात प्रार्थना झालेली असो, मालिश झालेलं असो की शेजारच्या काकूंनी दिलेला काढा घेतलेला असो. जे शेवटी केलं त्याला श्रेय जातं. सहा केमोथेरपी घेतलेल्या माणसाच्या साक्षीत केमोचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो, हे मी आमच्याच मंडळीत ऐकलंय.

चाचणी कशी घेतली जाते, तेही नीट बघा. ज्यांना आपण आंधळे म्हणतो त्यांच्यातल्या बहुतेकांना थोडाफार उजेड, हालचाल, जवळची आकृती दिसत असते. ‘किती बोटं?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांतले काही जण सभेच्या आधीही देऊ शकले असते. कमी ऐकू येणाऱ्याला कानाशी मोठ्याने बोललेलं आधीही ऐकू येतं. व्हीलचेअरवर बसणाऱ्या पुष्कळांना चार पावलं चालता येतात, व्हीलचेअर लांबच्या अंतरासाठी असते. अमेरिकेतल्या काही सभांत तर चालत आलेल्या म्हाताऱ्या माणसांना सोय म्हणून संयोजकच व्हीलचेअर द्यायचे आणि नंतर त्यांनाच स्टेजवर ‘उठ आणि चाल’ म्हणायचे, हे रँडींनी उघड केलं. आखूड पाय लांब करण्याचा प्रकारही असाच आहे. माणसाला खुर्चीत बसवून दोन्ही पाय हातात धरतात, एका पायातला बूट जरासा सैल करून ओढलेला असतो, मग तो हळूच आत सरकवला की पाय सारखे झालेले दिसतात.

आणि साक्ष देणारे मोजकेच असतात. समजा सभेला हजार दुखणेकरी आले आणि त्यातल्या तीस जणांना त्या संध्याकाळी बरं वाटलं. माईकवर तीस जण येतात. उरलेले नऊशे सत्तर पिशवी उचलून एसटी स्टँडवर जातात. त्यातल्या कित्येकांच्या मनात एकच विचार असतो, माझाच विश्वास कमी पडला. आजाराच्या वर हे आणखी एक ओझं. माझ्या मते या सभांचं सगळ्यात मोठं नुकसान हेच, आणि ते कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

चर्च स्वतः तपासतं तेव्हा

तपासणी म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हटलं की मी लूर्दचं नाव घेते. फ्रान्समधल्या या गावात १८५८ साली बर्नादेत नावाच्या मुलीला मरियामातेचं दर्शन झालं अशी कॅथलिक श्रद्धा आहे. लाखो आजारी तिथे जातात. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. बरं झाल्याचं सांगणाऱ्याचे आधीचे कागद तिथे मागतात. रोग गंभीर होता का, निदान पक्कं होतं का, बरं होणं अचानक आणि पूर्ण होतं का, औषधाने ते घडलं असेल का, आणि ते टिकलं का, हे वर्षानुवर्षं पाहतात. आजवर सात हजारांवर दावे नोंदले गेले, त्यांतले चर्चने मान्य केले फक्त ७२. उरलेले लोक खोटारडे होते असं चर्च म्हणत नाही. पुरावा पुरेसा नाही, एवढंच म्हणतं.

त्या ७२ बद्दलही माझं मन पूर्ण तयार होत नाही. सुरुवातीच्या काळातल्या मान्य दाव्यांत क्षयरोगाच्या पुष्कळ केसेस आहेत, आणि त्या काळात क्षयाचं निदान आजच्यासारखं पक्कं करता येत नव्हतं. शिवाय ‘आज स्पष्टीकरण नाही’ याचा अर्थ ‘स्पष्टीकरण असूच शकत नाही’ असा होत नाही. क्वचित का होईना, कर्करोगाची गाठ उपचारांशिवाय विरघळल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, आणि त्यातल्या सगळ्या माणसांनी प्रार्थना केली होती असंही नाही.

चर्चची तपासणीही चुकू शकते. मदर तेरेसा यांना २००३ मध्ये धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित करताना पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी बाईच्या पोटातली गाठ १९९८ मध्ये चमत्काराने गेली, हा आधार घेतला गेला. तिच्यावर बालूरघाटच्या सरकारी रुग्णालयात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जाहीरपणे सांगितलं की गाठ क्षयाची होती आणि औषधांनी गेली. मदर तेरेसांच्या सेवेला त्या दाव्याच्या आधाराची गरज होती, असं मला आजही वाटत नाही.

२००० साली व्हॅटिकनने आरोग्यासाठीच्या प्रार्थनांबद्दल सूचना काढल्या. अशा सभांत उन्माद, नाटकीपणा आणि सनसनाटी नको, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे सावधगिरीची ही मागणी बाहेरून लादलेली नाही.

मात्र आपल्याकडे प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं, तेही आठवलं पाहिजे. मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ल्याच्या चर्चमधल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थ म्हणून भरून नेत होते. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी पाहणी केली आणि दाखवलं की जवळच्या तुंबलेल्या नाल्यातलं पाणी भिंतीतून वर चढतंय, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. म्हणजे तीर्थ म्हणून घरी जाणारं पाणी सांडपाणी होतं. ज्याने लोकांना आजारापासून वाचवलं त्याच्यावरच कलम २९५अ खाली धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. ही गोष्ट मला ख्रिस्ती म्हणून लाजिरवाणी वाटते.

प्रार्थनेचीच चाचणी घेतली तर? तेही झालंय. अमेरिकेत सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पैसा धर्माविषयी आस्था असलेल्या टेंपलटन प्रतिष्ठानचा होता. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि कुणासाठी होतेय हे या दोन्ही गटांना माहीत नव्हतं. गुंतागुंत झाली ५२ टक्के आणि ५१ टक्के रुग्णांत, म्हणजे सारखीच. तिसऱ्या गटाला सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे. त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघालं. प्रार्थनेचा भाविकाच्या जीवनातला अर्थ या आकड्यांत मावत नाही. पण उपचार म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही, एवढं त्यातून कळतं.

किंमत कोण मोजतं

१९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बार्स्टो गावात अकरा वर्षांच्या मधुमेही मुलासाठी चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि आईवडिलांनी त्याचं इन्सुलिन फेकून दिलं. मुलाची तब्येत बिघडली तरी ते विश्वासाने थांबून राहिले. मुलगा गेला. त्यांचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं कुणीही म्हणू शकणार नाही. १९९८ साली बालरोगतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात अमेरिकेतल्या अशा १७२ बालमृत्यूंचा अभ्यास आला. श्रद्धेपोटी वैद्यकीय उपचार नाकारले गेलेली ही मुलं. त्यांतली १४० अशा आजारांनी गेली होती, ज्यांत उपचार मिळाल्यास शंभरातली नव्वदहून अधिक मुलं वाचतात.

आपल्याकडे कायदा आहे. १९५४ च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा रोगांवरच्या जादुई उपायांच्या जाहिरातीला बंदी आहे. महाराष्ट्रात, २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाल्यानंतर जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. बुवा कुठल्या धर्माचा, हे तो कायदा विचारत नाही. चर्चमधल्या साध्या प्रार्थनेलाही तो हात लावत नाही. काही जण या विषयाचा वापर ख्रिस्ती लोकांना बदनाम करायला करतात, त्यांनी हे नीट वाचावं.

मावशीशी बोलताना

दवाखान्यात मी मावशीला कायदा सांगितला नाही, रँडीही नाही. तिला बायबल पाठ आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकारी तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, नुसती प्रार्थना कर म्हणत नाही. त्याचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. आम्ही ज्या मिरजेत राहतो तिथे विल्यम वानलेस नावाच्या ख्रिस्ती डॉक्टरने १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, आणि दवाखान्यांचं गाव ही मिरजेची ओळख तिथून सुरू झाली. येशूच्या नावाने आलेला तो माणूस सुरी, टाके आणि औषधं घेऊन आला होता.

मग मी तिला लाल रक्तपेशींबद्दल सांगितलं. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी जगेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, चिकटून राहते. एचबीएवनसी या चाचणीत तीच मोजतात, म्हणून गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी कळते. एक दिवसाचा उपास तिला फसवू शकत नाही. मावशीची त्या वेळी ११.४ होती, म्हणजे फारच जास्त. मंडपातली १३८ खरी होती आणि ही ११.४ सुद्धा खरी होती. एक होती एका संध्याकाळची, दुसरी तीन महिन्यांची.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग तिनेच मार्कच्या पहिल्या अध्यायातल्या कुष्ठरोग्याची आठवण काढली. येशू त्याला बरं करतो आणि गावभर सांगत फिरू नको, जाऊन स्वतःला याजकाला दाखव, असं बजावतो. त्या काळी कातडी तपासून माणूस शुद्ध झाला की नाही हे याजकच ठरवत.

“म्हणजे साक्ष द्यायच्या आधी मी तुझ्याकडे यायला हवं होतं,” ती म्हणाली.

“हो मावशी. आणि सुई बंद करायच्या आधी डॉक्टरांकडे.”

ती अजूनही सभांना जाते. आता डबा नेते, उपास करत नाही. दर तीन महिन्यांनी सकाळच्या बसने मिरजेला येते, बाही वर करून माझ्यासमोर बसते आणि सुई टोचताना डोळे मिटून पुटपुटते. गेल्या वेळी ७.६ आली.